बसून थकलेली कंबर

मराठी भाषेत कमरेला मोठा मान आहे. अवघड काम हाती घ्यायचं तर आपण कंबर कसतो आणि संकट कोसळलं की आपलं कंबरडं मोडतं. मात्र या वाक्प्रचारांतला माणूस कुठे ना कुठे उभा आहे, चालतो आहे, ओझं उचलतो आहे. बसलेल्या माणसाच्या कमरेची दखल आपल्या भाषेनं फारशी घेतलेली नाही आणि घरच्या माणसांनीही घेतलेली नाही. शेतातून तूर काढून आलेल्या बाईनं कंबर धरली म्हटलं, तर कुणी तिला खोटं ठरवत नाही. पण दिवसभर कचेरीत बसून आलेल्या माणसानं तेच म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं. ‘बसूनच तर ऱ्हाता की दिवसभर! मग कंबर कशानं दुखायलीय?’

प्रश्न थट्टेचा वाटला तरी अगदी योग्य आहे. बसून कंबर का दुखावी, आणि बसल्या जागी तिच्यासाठी काय करता येईल, याचाच आज विचार करू.

आपल्या उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात बसून काम करणारी माणसं किती आहेत, ते जरा आठवून पाहा. तहसील कचेरीतले आणि पंचायत समितीतले कारकून, बँकेच्या काउंटरमागचे कर्मचारी, संगणकावर अर्ज भरून देणारी तरुण मुलं. बाजारपेठेत गादीवर मांडी घालून हिशेब लिहिणारे दुकानदार. घरी शिलाई मशीन चालवून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनी. आणि गावाला लागूनच पुणे, सोलापूर, हैदराबाद यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, पूर्वीचा ९ क्रमांकाचा आणि आताचा ६५ क्रमांकाचा. त्यावरून रात्रंदिवस जाणारे मालमोटारींचे चालक आणि उमरगा आगारातून एसटी काढणारे चालक हेदेखील बसूनच काम करतात. यातल्या अनेकांना कंबर दुखते म्हणून चार दिवस रजा घेणं परवडत नाही. मशीन थांबलं तर त्या दिवसाची शिलाई गेली, गाडी थांबली तर त्या दिवसाची कमाई गेली. मग दुखणं अंगावर काढलं जातं, दुकानातून गोळी आणली जाते, आणि वर्षभरानं तेच दुखणं अधिक घट्ट होऊन बसतं.

हे दुखणं काही एकट्या आपल्या गावचं नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात मांडला गेला. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असंही त्यात म्हटलं आहे. बसून काम करणाऱ्यांची व्यथा नवीही नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. शिंप्यांसारख्या सतत बसून, वाकून काम करणाऱ्यांच्या तक्रारींची नोंद त्यांनी तेव्हाच करून ठेवली आहे.

आता कमरेच्या आत काय घडतं, ते पाहू. आपल्या कमरेत पाच मोठे मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक चकती असते, तिलाच आपण बोलीत मणक्यातली गादी म्हणतो. उभं असताना कमरेच्या भागाला पुढच्या बाजूनं एक हलका बाक असतो. तो बाक म्हणजे दोष नव्हे, ती निसर्गाची स्प्रिंग आहे. आपण खुर्चीत सैल बसलो की ओटीपोट मागे कलतं, हा बाक सपाट होतो आणि पाठीला पोक येतो. सुरुवातीला छान वाटतं, कारण स्नायूंनी काम सोडलेलं असतं. पण ते काम मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे अस्थिबंधांवर येऊन पडतं. ओल्या कपड्यांचं वजन तासन्‌तास पेलणारी वलणीची दोरी जशी हळूहळू ढिली होते, तसे हे अस्थिबंध एकाच ताणाखाली ताणले जातात. मग त्यांना सावरण्यासाठी आजूबाजूचे स्नायू आवळून धरतात. संध्याकाळी उठताना कंबर धरल्यासारखी वाटते, ती बहुधा या आवळण्यामुळे.

दुसरी गोष्ट गादीची. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. स्पंज दाबला की पाणी बाहेर जातं आणि सोडला की आत येतं, तशी तिची पोषणाची देवघेव भार कमीजास्त होण्यावर बरीच अवलंबून असते. रात्री आडवं झाल्यावर गादी पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीतला दाब सुईनं मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर तो उभ्या स्थितीपेक्षा जास्त असल्याचं त्यांना आढळलं. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या गादीतला दाब दिवसभर मोजला, तेव्हा टेकून आरामात बसल्यावर दाब उभ्यापेक्षा जास्त नसल्याचं दिसलं. म्हणजे बसणं हाच गुन्हा नाही. पण पुढे वाकून बसलं की दाब वाढतो, याविषयी दुमत नाही.

तिसरी गोष्ट कमरेच्या शेजाऱ्यांची. सतत गुडघे आणि खुबे दुमडून बसल्यानं मांडीच्या मुळापुढचे स्नायू आखडतात. मांडीच्या मागचे स्नायू ताठरतात आणि नितंबाचे स्नायू आळसावतात. शेजारी काम सोडून बसले की सगळा भार कमरेवर येतो. म्हणून कंबर मोकळी करायची तर नुसत्या कमरेकडे पाहून भागत नाही, खुब्यांकडे आणि मांड्यांकडेही पाहावं लागतं.

थोडक्यात काय, तर बसून काम करणाऱ्याची कंबर फार कष्टानं थकलेली नसते, ती एका जागी अडकून थकलेली असते. तिला पलंगावरची विश्रांती नको असते, तिला बदल हवा असतो. हा बदल बसल्या जागीही देता येतो.

खुर्चीचा असा उपयोग करण्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. आसनांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजून पाहण्याचं काम स्वामी कुवलयानंदांनी केलं आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम संस्था उभी केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी साधी खुर्ची, दोर आणि लाकडी ठोकळे वापरून ताठर शरीराच्या माणसांनाही आसनं करता येतील अशी पद्धत घडवली. २०२३ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयानं कचेरीतल्या खुर्चीवर करायचा छोटा योगविराम पुढे आणला, त्यामागचा विचारही हाच होता.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आधी तयारी. खुर्चीला चाकं असतील तर ती भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, तिलाही भिंतीचा आधार द्या. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली हवीत. ती पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा. श्वास रोखायचा नाही आणि झटका द्यायचा नाही. ताण सहन होईल इतकाच हवा. अंग सुटल्यासारखं वाटलं तर ताण बरोबर आहे. चमक निघाली, पायात कळ उतरली किंवा मुंग्या आल्या, तर तो प्रकार तिथेच सोडून द्या.

पहिला प्रकार ओटीपोटाचा. हात कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर ठेवा. पाण्यानं भरलेली कळशी आधी मागे आणि मग पुढे कलती करावी, तसं ओटीपोट हलवायचं. मागे कलवलं की कंबर गोल होते, पुढे कलवलं की कमरेत बाक येतो. खांदे स्थिर ठेवून सावकाश दहा वेळा करा. या दोन टोकांच्या मधे जिथे कंबर सर्वांत हलकी वाटते, ती तुमची बसण्याची योग्य जागा. हा प्रकार इतका बेमालूम आहे की समोर बसलेल्याला कळतही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे बसून केलेलं मार्जारासन. तळहात गुडघ्यांवर ठेवा. श्वास घेत छाती पुढे आणा, खांदे मागे न्या, नजर समोर ठेवा. श्वास सोडत पाठ गोल करा आणि हनुवटी छातीकडे येऊ द्या. मांजर झोपेतून उठताना जशी पाठ ताणते, अगदी तसंच. पाच-सहा वेळा पुरे.

तिसरा प्रकार बाजूला कलण्याचा. उजव्या हातानं खुर्चीची कड धरा, डावा हात डोक्यावरून वर न्या आणि उजवीकडे कला. बूड उचललं जाऊ देऊ नका आणि पुढेही झुकू नका. बरगड्यांपासून कमरेपर्यंतची डावी बाजू लांबते आहे, हे जाणवेल. पंधरा सेकंद थांबा, मग दुसरी बाजू करा.

चौथा प्रकार पिळाचा. खुर्चीवर आडवं बसा, म्हणजे पाठीचा टेका तुमच्या उजव्या हाताला येईल. दोन्ही गुडघे जुळलेले ठेवा. दोन्ही हातांनी टेका धरा. श्वास घेताना कणा उंच करा आणि श्वास सोडताना उजवीकडे वळा. आधी पोट, मग छाती, सर्वांत शेवटी मान. पंधरा-वीस सेकंदांनी परत या आणि दुसऱ्या बाजूनं तेच करा. खुर्चीला हात असतील तर समोर तोंड करूनच बसा, डावा हात उजव्या गुडघ्यावर आणि उजवा हात टेक्यावर ठेवून वळा. कमरेतून ‘कट्’ आवाज निघावा म्हणून काहीजण जोरानं हिसका देतात. तो मोह टाळलेला बरा.

पाचवा प्रकार नितंबासाठी. उजवा घोटा डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा अलीकडे ठेवा. पाठ सरळ ठेवून खुब्यातून थोडं पुढे झुका. उजव्या नितंबात खोलवर ताण जाणवेल. वीस सेकंद थांबा आणि पाय बदला. साडी नेसलेल्या भगिनींना किंवा गुडघे दुखणाऱ्यांना हे अवघड जातं. त्यांनी एक गुडघा दोन्ही हातांनी धरून छातीकडे, किंचित विरुद्ध खांद्याच्या दिशेनं ओढावा. काम तेच होतं.

सहावा प्रकार मांडीच्या मागच्या बाजूचा. एक पाय पुढे सरळ करा, टाच जमिनीला आणि बोटं वर. दुसरा पाय दुमडलेलाच राहू द्या. आता पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुका. बोटांना हात लावण्याची ही शर्यत नाही. पाठ गोल करून बोटं गाठली, तर मांडीचा ताण कमी होतो आणि कमरेवरचा वाढतो. चार इंच झुकलात तरी चालेल.

हे सारं झालं की एकदा उठून उभं राहा. तळहात कमरेवर ठेवून छाती वर उचला आणि अगदी थोडं मागे झुका, तीन-चार वेळा. बसण्यानं आखडणारे मांडीच्या मुळापुढचे स्नायू बसल्या-बसल्या नीट ताणले जात नाहीत, त्यासाठी उठणंच भाग आहे.

सगळे प्रकार मिळून पाच-सहा मिनिटं लागतात. दर वेळी सगळे करायलाच हवेत असं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं त्यातले दोन करा आणि दिवसातून दोनदा पूर्ण संच करा. सकाळी उठल्या-उठल्या मात्र गादी फुगलेली असते, तेव्हा खोल वाकण्याचे प्रकार नकोत. लक्षात कसं राहणार, असं आपण विचाराल. घड्याळ लावण्यापेक्षा कामातल्याच एखाद्या गोष्टीला हे जोडून टाका. बॉबिन भरताना एक प्रकार, चहा येईपर्यंत दुसरा, फोनवर बोलायचं ते उभं राहून.

चालकांनी हे चालत्या गाडीत अजिबात करू नये. गाडी स्थानकात लागली, प्रवासी उतरले, की खाली उतरून दोन मिनिटं चालावं आणि एखाद्या बाकावर बसून चौथा आणि पाचवा प्रकार करावा. मागच्या खिशातलं जाड पाकीट बसताना काढून ठेवावं, त्यानं एक बूड वर राहतं आणि कंबर दिवसभर तिरकी बसते. पायाचं मशीन चालवणाऱ्या भगिनींनी स्टूल मशीनच्या जवळ घ्यावं, म्हणजे सुईकडे पाहण्यासाठी वाकावं लागत नाही. गादीवर बसणाऱ्या दुकानदारांनी बुडाखाली घडी घातलेली गोधडी घ्यावी. बूड गुडघ्यांपेक्षा उंच झालं की कमरेतला बाक आपोआप परत येतो. मांडीही अधूनमधून बदलावी, आज उजवा पाय वर तर उद्या डावा असं नव्हे, तर दर थोड्या वेळानं.

इथे पाण्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. बाहेर स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून अनेक स्त्रिया, आणि गाडी थांबवता येत नाही म्हणून अनेक चालक, दिवसभर पाणीच पीत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याचा परिणाम मूतखड्यात होऊ शकतो. खड्याची कळ कमरेच्या एका बाजूनं उठते, लाटेसारखी येते-जाते, कधी जांघेपर्यंत उतरते, लघवीला जळजळ होते. ती ताणण्याच्या व्यायामानं थांबत नाही. तिथे डॉक्टरच हवेत.

आणखी कोणी आधी डॉक्टरांना विचारावं? ज्यांची कळ गुडघ्याखाली पायात उतरते, ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत, ज्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी. गर्भवती स्त्रियांनी पिळाचे प्रकार टाळावेत. आपल्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचलेली माणसं आहेत. त्यांतल्या ज्यांच्या पाठीला तेव्हा मार बसला होता, त्यांनीही तपासून घेतल्यावाचून हे सुरू करू नये.

काही लक्षणं मात्र एक दिवसही थांबू नयेत अशी आहेत. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागेत बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होऊन पाऊल घसटणं, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावं. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेऊन तपासणी करावी. क्षयरोग फक्त फुप्फुसाचाच असतो, हा समज चुकीचा आहे, आणि वेळेवर औषध मिळालं तर तो बरा होतो.

या व्यायामांकडून जादूची अपेक्षा मात्र ठेवू नका. ते आखडलेपण सैल करतात, पण जुन्या दुखण्यावर एकटे पुरे पडत नाहीत. रोजचं चालणं आणि पाठ-पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम त्यांच्या जोडीला हवेत. दिलासा देणारी गोष्ट अशी, की अचानक धरलेली साधी कंबर बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत बरीच सुधारते, आणि ती लवकर सुधारते ती हिंडत्या-फिरत्या माणसाची, अंथरुणाला खिळलेल्याची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायामाला आणि दुखणं समजून घेण्याला स्थान आहे, आणि कमरेचे पट्टे किंवा वजन लावून कंबर ओढणं हे सरसकट देऊ नये असं म्हटलं आहे. डॉक्टरांनी विशेष कारणानं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून आपणही पट्टा विकत आणावा, यात शहाणपण नाही.

शेवटी एक विनंती कामावर ठेवणाऱ्यांना आणि घरातल्या मोठ्यांना. काउंटरवरचा कर्मचारी दोन मिनिटं उभा राहिला, मशीनवरची सून मधेच हात वर करून कलली, तर तो कामचुकारपणा समजू नका. ती दोन मिनिटं पुढचे दोन तास सुखाचे करतात. आणि जे बसून कमावतात त्यांनी लक्षात ठेवावं, की कंबर दुखते असं म्हणण्यात कमीपणा नाही. हा लेख खुर्चीत बसून वाचत असाल, तर पुढचं पान उलटण्याआधी कळशी कलवण्याचा तो पहिला प्रकार दहा वेळा करून पाहा.